पाणी आधी, रूळ मागाहून



ज्या व्यासपीठावरून राज्यघटना, संतवाङ्मय, शेतमालाचे भाव अशा भारदस्त विषयांवर विद्वानांनी बोलावे, त्याच व्यासपीठावर आम्ही आज खेळण्यातल्या आगगाडीबद्दल बोलावयास उभे आहोत. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही त्यांना ‘रेल्वे आणि कालवा यांची प्रमाणबद्ध प्रतिकृती’ असे जड नाव सांगितले होते. आमच्या घरी मात्र त्याला ‘पोरखेळ’ असेच म्हणतात, आणि गेली तीन वर्षे बैठकीच्या खोलीतला अर्धा भाग या पोरखेळाने अडवून ठेवलेला असल्यामुळे त्या नावाविरुद्ध तक्रार करण्याची आमची प्राज्ञा नाही.

हा उद्योग तिघांचा आहे. एक आम्ही, आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. दुसरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आमचे स्नेही, ज्यांना सारे रावसाहेब म्हणतात. तिसरे गार्डसाहेब. ते मिरज-लातूरच्या छोट्या गाडीवर गार्ड होते. हिरवी बत्ती दाखवण्यात ज्यांचा जन्म गेला, कालव्याचे पाणी सोडण्यात ज्यांचा गेला आणि पोरांच्या वहीवर सफरचंद काढून देण्यात ज्यांचा गेला, अशा तिघांनी इंग्लंडमधल्या एका खोऱ्याचा देखावा आठ फुटी फळीवर का उभारावा, हा प्रश्न आपल्याला पडला असेल. तेव्हा आधी तेच सांगतो.

रावसाहेबांची कन्या इंग्लंडात बाथ या शहरी असते. तिच्याकडे ते सहा महिने राहावयास गेले. मुलगी आणि जावई सकाळी कामावर जात. रावसाहेब एकटे. दूरदर्शन पाहून डोळे दुखले, तेव्हा एके दिवशी ते घरामागच्या कालव्याच्या काठाने चालू लागले. ज्याने आयुष्य कालव्यावर काढले त्याला परमुलखात कालवा भेटला म्हणजे नातलग भेटल्यासारखेच. पण चार दिवस चालल्यावर त्यांना काहीतरी चुकल्यासारखे वाटू लागले. पाणी हलेना! पान पडले तर ते तिथेच तरंगत राही. उतार कुठे आहे ते सापडेना. शेवटी त्यांनी काठावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाला विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की, येथून नऊ मैलांवर ब्रॅडफर्डपर्यंत हे पाणी एकाच पातळीत आहे, त्याला उतार नाहीच.

आपल्याकडे कालवा म्हटला की पाटाचे पाणी, ऊस आणि पाळीपत्रक आठवते. पाणी शेतापर्यंत पोहोचले पाहिजे, म्हणून कालव्याला बेताचा उतार द्यावा लागतो. इंग्लंडमधले हे कालवे शेतासाठी नव्हतेच. ते पाण्याचे रस्ते. त्यांवरून कोळसा, दगड, धान्य, चिनीमातीची भांडी जात. होडी ओढणारा घोडा काठाच्या वाटेने चाले. खडबडीत रस्त्यावर एक घोडा टनभर माल ओढताना घाईला येई. तोच घोडा संथ पाण्यावर तीसएक टनांची होडी सहज ओढून नेई. पण पाणी वाहू लागले तर घोड्याचे अर्धे बळ प्रवाहाशी झुंजण्यात जावयाचे. म्हणून पाणी सपाट ठेवावयाचे, आणि जेथे जमीन चढते तेथे दोन दारांचा हौद बांधून होडी पायरीपायरीने वर चढवावयाची. त्या हौदाला लॉक म्हणतात. रावसाहेबांना बाथमध्ये भेटलेला कालवा म्हणजे केनेट आणि एव्हन या दोन नद्यांना जोडणारा. रेडिंगपासून ब्रिस्टलपर्यंतचा हा जलमार्ग एकूण ८७ मैलांचा. जॉन रेनी हा त्याचा इंजिनियर. १७९४ मध्ये काम मंजूर झाले आणि १८१० मध्ये पुरे झाले.

आता या जागेची गंमत ऐका. बाथच्या आग्नेयेला एव्हन नदीची अरुंद, झाडीने भरलेली दरी आहे. खाली नदी, वर डोंगराच्या कडेने कालवा. एके ठिकाणी कालव्याला नदी ओलांडून पलीकडे जावयाचे आहे. तेथे रेनीने दगडी पूल बांधला. त्यावरून माणसे जात नाहीत, पाणीच जाते. खाली नदीचे पाणी, वर कालव्याचे पाणी. डंडास जलसेतू असे त्याचे नाव. लांबी १५० यार्ड, तीन कमानी, आणि बाथच्या खाणींतला मधाच्या रंगाचा दगड. हा १८०५ च्या सुमाराचा. पुढे पन्नासएक वर्षांनी, १८५७ मध्ये, याच दरीतून रेल्वे आली आणि ती या पुलाखालून गेली. आजही तेथे उभे राहिले तर खालून गाडी जाते आणि वरून होडी!

रेल्वे आली ती कालव्याची शेजारीण म्हणून नव्हे, मालकीण म्हणून. लंडन ते ब्रिस्टल हा ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा रस्ता १८४१ मध्ये पुरा झाला आणि कालव्याचा माल भराभर गाडीवर चढू लागला. १८५२ मध्ये त्याच रेल्वे कंपनीने कालवाच विकत घेतला. प्रतिस्पर्ध्याच्याच हाती गेलेला कालवा मग कसा चालावयाचा? तो मोडला नाही, कारण कायद्याने मोडता येत नव्हता. पण गवत वाढले, गाळ साचला आणि होड्या कमी कमी होत गेल्या.

आणखी एक कथा याच जागेची. डंडासच्या पुलाजवळ एक दुसरा कालवा येऊन मिळत असे. तो सॉमरसेटच्या खाणींतला कोळसा आणी. भरभराटीच्या काळात वर्षाला लाख टनांहून अधिक. या कालव्याची मोजणी करावयास १७९० नंतरच्या दशकात विल्यम स्मिथ नावाचा एक तरुण नेमला होता. मोजणी करताना आणि खोदाई चालू असताना त्याच्या ध्यानात आले की, जमिनीतले दगडांचे थर कोठेही पाहा, एका ठरावीक क्रमानेच येतात, आणि प्रत्येक थरात त्याचे त्याचे शंखशिंपले सापडतात. खालचा थर आधीचा, वरचा मागचा. या एका निरीक्षणावरून त्याने सारा देश पालथा घातला आणि १८१५ मध्ये इंग्लंडचा भूस्तरांचा नकाशा प्रसिद्ध केला. इंग्लंडमधल्या भूगर्भशास्त्राचा जनक म्हणून आज त्याचे नाव घेतात. आता त्या कोळशाच्या कालव्याचे काय झाले? तो १८९८ मध्ये बंद पडला. पुढे रेल्वेने तो घेतला आणि त्याच्याच कोरड्या पात्राचा काही ठिकाणी उपयोग करून १९१० मध्ये कॅमरटनची शाखा सुरू केली. ती शाखाही १९५१ मध्ये बंद झाली! खाली कालवा, त्यावर रेल्वे, त्यावर आज गवत. स्मिथला दगडांत दिसले तेच येथे माणसांच्या उद्योगातही दिसते.

रावसाहेब परत आले ते हे सारे डोक्यात घेऊन, आणि सोबत छायाचित्रांची थप्पी. गार्डसाहेबांकडे मुलाने परदेशातून आणलेली एक छोटी आगगाडी पडून होती. आमच्याकडे रंग होते. असा तिघांचा संसार जमला.

आता थोडे मापाचे बोलू, कारण या कामात सारा जीव मापात आहे. इंग्लंडमध्ये जे माप सर्वांत रूढ आहे त्याला ओओ म्हणतात. खऱ्यातला एक फूट म्हणजे येथे चार मिलिमीटर. सहा फुटी माणूस पाऊण पेराएवढा, २४ मिलिमीटरचा. या हिशेबाने आमची आठ फुटी फळी म्हणजे खऱ्या जमिनीचे जेमतेम ६१० फूट. एक मैल करावयाचा म्हटला तर एकवीस मीटरांहून लांब दालन हवे! डंडासचा पूल पुरा केला तर तोच सहा फूट होतो आणि फळीवर दुसरे काही उरत नाही. म्हणून आम्ही पुलाचे फक्त रेल्वेकडचे टोक घेतले, बाकीचा पूल भिंतीत जातो असे दाखवले. नकाशात काय सोडावे हे ज्याला कळले त्याला अर्धे काम साधले, हे आम्ही मुलांना शाळेत सांगत असू. स्वतः शिकलो ते आता.

या मापात एक जुनी लबाडीही आहे, तीही सांगून टाकतो. खऱ्या रुळांतले अंतर ४ फूट ८॥ इंच, म्हणजे चार मिलिमीटरच्या हिशेबाने १८.८३ मिलिमीटर हवे. पण ओओच्या रुळांत ते १६.५ असते, म्हणजे खऱ्याचे सात इंच खाल्लेले. कारण असे की, युरोपात यापेक्षा लहान मापाच्या गाड्या निघाल्या तेव्हा त्या काळच्या विजेच्या मोटारी इंग्रजी इंजिनांच्या बारीक अंगात मावेनात. मग इंग्रजांनी रूळ युरोपचेच ठेवले आणि अंग तेवढे वाढवले. धाकट्याच्या वहाणांत थोरला भाऊ चालावा तसा हा प्रकार आहे. गार्डसाहेबांनी हे ऐकून पहिल्यांदा फार नापसंती दर्शवली. पण नॅरोगेजवर जन्म काढलेल्या माणसाने रूळ अरुंद आहेत म्हणून कुरकुर करावी, हे त्यांनाच पटेना, आणि ते हसू लागले.

कामाला सुरुवात झाली तेव्हा आधी काय करावयाचे हा प्रश्नच कोणाला पडला नाही. गार्डसाहेब म्हणाले, “मास्तर, गाडी आधी धावू द्या. बाकीचं मागनं बघू.” आम्हालाही ते बरोबर वाटले. रेल्वेचा देखावा, त्यात रेल्वे आधी. आठ दिवसांत रूळ बसले, खडी पसरली, गाडी फिरू लागली. घरातली मंडळी, शेजारची पोरे, सारे टाळ्या वाजवून गेले. मग आम्ही सावकाश कालव्याकडे वळलो.

आणि तेथेच घोटाळा झाला. रूळ आम्ही सोयीने, हात पोचेल अशा उंचीवर टाकले होते. आता त्यांच्यावरून पूल न्यावयाचा, तर इंजिनाचे धुराडे कमानीला लागू लागले. म्हणून पूल १८ मिलिमीटर वर उचलला. पूल उचलला म्हणून त्याला मिळणारा कालवा त्या टोकाला उचलला, आणि दुसरे टोक तेथेच राहिले. रावसाहेबांनी स्वतः लांबी लावून तो चढ इतका सफाईने जुळवला की तो चढ आहे हे आम्हा तिघांच्याही ध्यानात आले नाही. वर आणखी एक शहाणपण आम्ही केले. पाणी खरेच ओतले. दोन दिवस मोठी मजा वाटली. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की पाण्याला चार मिलिमीटरचे माप ठाऊक नाही. त्याचा थेंब येथे माणसाच्या डोक्याएवढा दिसतो, आणि वाऱ्याने लाट उठली तर ती होडी बुडवील अशी. आठवड्यात प्लायवूड फुगले, रुळांना गंज चढला आणि डासांच्या अळ्या दिसल्या. तेव्हा घरातून जो हुकूम सुटला त्याचे शब्द येथे सांगत नाही. पाणी काढले आणि वर वॉर्निशचा हात मारला.

पुढच्या रविवारी शेजारची एक आठ वर्षांची मुलगी आली. तिने गाडीकडे पाहिलेही नाही. कालव्यावर वाकून बराच वेळ पाहिले आणि विचारले, “आजोबा, ही होडी खाली घसरत नाही का?”

रावसाहेब काही बोलले नाहीत. चहा अर्धा टाकून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी गवंड्याची पाणसळ घेऊन आले आणि ती कालव्यावर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. १८ मिलिमीटर म्हणजे खऱ्यातले साडेचार फूट; सहाशे फुटांत साडेचार फुटांचा उतार! ते खाली बसले आणि म्हणाले, “मास्तर, नऊ मैल मी स्वतः चाललो आहे त्या पाण्याच्या काठानं. उतार नाही हे डोळ्यांनी पाहिलं. आणि हातानं दिला तो उतारच. चाळीस वर्षांची सवय!”

चूक एकट्या त्यांची नव्हती. रूळ आधी टाकले ही मूळ चूक, आणि ती आम्हा तिघांची. त्या दरीत रेल्वे आली तेव्हा कालवा तेथे पन्नास वर्षे बसलेला होता. त्याची पातळी ठरलेली होती, कमान ठरलेली होती. जी काय वाकावयाची ती रेल्वे वाकली. आम्ही मात्र आधी रेल्वे बसवली आणि कालव्याला वाकावयास सांगितले. रस्ता चढेल, रूळ चढतील, पाणी चढत नाही. म्हणून सारे मोडून पुन्हा करावयाचे, असे रावसाहेबांचे आणि आमचे मत पडले.

गार्डसाहेब मात्र तयार होईनात. “धावती गाडी उखडायची नाही,” एवढेच ते म्हणत. आठ दिवस ते आलेच नाहीत. आम्हाला हा हट्ट वाटला. मग एक दिवस आम्हीच त्यांच्याकडे गेलो, आणि त्यांनी जे सांगितले ते ऐकून आमची मान खाली गेली. बारशी लाइट रेल्वेची ती छोटी गाडी १८९७ पासूनची. गार्डसाहेबांचे वडीलही त्याच गाडीवर होते. २००० नंतरच्या दशकात ती लाइन टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली. चांगलेच झाले, ते म्हणाले. लोकांची सोय झाली, माल थेट जाऊ लागला. पण ज्या दिवशी त्यांच्या स्टेशनातले अडीच फुटी रूळ उखडले त्या दिवशी ते तेथे उभे होते. “क्रेन लागली नाही हो. चार माणसांनी उचलून ट्रकमध्ये टाकले. एवढे हलके होते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.” आता या वयात स्वतःच्या हाताने रूळ उखडावयाचे नाहीत, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आमच्यापाशी उत्तर नव्हते. रावसाहेबांनी मात्र पिशवीतून एक छायाचित्र काढून त्यांच्या पुढ्यात ठेवले. त्यात काही विशेष नव्हते. कालव्यावरच्या एका दगडी पुलाचा कोपरा. त्या कोपऱ्यावर दगडात बोटभर खोल अशा चारपाच खाचा. रावसाहेब म्हणाले, “गार्डसाहेब, या खाचा कशानं पडल्या असतील सांगा.” ते सांगू शकले नाहीत. घोडे होडी ओढीत, दोर पुलाच्या कोपऱ्यावर घासे. त्या ओल्या, रेतीने माखलेल्या दोराने वर्षानुवर्षे घासून घासून दगड कापला होता. पुढे घोडे गेले, माणसे गेली, आणि खाचा राहिल्या. गार्डसाहेबांनी ते छायाचित्र हातात घेतले, खिडकीपाशी नेले, परत आणून दिले आणि विचारले, “हे आपल्याला दाखवता येईल?” दुसऱ्या दिवशी ते पक्कड घेऊन आले. सारे रूळ त्यांनी स्वतःच काढले, आम्हाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या खेपेस आम्ही त्या दरीच्या इतिहासाच्या क्रमाने गेलो. आधी जमीन आणि तळाशी नदी. मग कालवा. दरीत क्लॅव्हर्टन येथे १८१३ चे एक पंपघर आहे. नदीच्याच जोरावर चाक फिरवून नदीचेच पाणी ४८ फूट वर कालव्यात चढवणारे. त्यावरून आम्ही नदी आणि कालवा यांतले अंतर धरले: ४८ चोक १९२ मिलिमीटर. कालव्यासाठी एकच अखंड पाटी घेतली, तिच्याखाली पाणसळ लावून चार कोपऱ्यांना पाचरी ठोकल्या, आणि मगच पुढचे काम हाती घेतले. फळीवरची प्रत्येक उंची या पाटीपासून मोजली. रूळ सर्वांत शेवटी.

पाणी कसे केले हे पुष्कळजण विचारतात. पाण्याला खोली द्यावी लागत नाही, हे त्यातले रहस्य. कालव्याचे पाणी गढूळ, शेवाळी रंगाचे असते. तळ दिसत नाही. म्हणून सपाट पाटीवर काठाला फिकट मातकट रंग, मध्यावर गडद हिरवट तपकिरी, एकात एक मिसळलेले. निळा रंग चुकूनही नाही. निळे पाणी फक्त नकाशात असते. त्यावर चकचकीत वॉर्निशचे सहा पातळ हात, प्रत्येक हात दोन दिवस वाळवून. घाई करून जाड थर दिला तर आपल्या उन्हाळ्यात तो वर वाळतो, आत ओला राहतो आणि मे महिन्यात तडकतो. हा अनुभव एकदा घेतला आहे. काठची लव्हाळी नारळाच्या काथ्याची, झुडपे वाळलेल्या दोडक्याच्या जाळीची, गवत रंगवलेल्या भुशाचे. दगडाचा रंग साधावयास फार दिवस गेले. अखेर पांढऱ्यात पिवडी, तीत चिमूटभर काजळी, आणि वर कोरड्या कुंचल्याने मळकटपणा. पुलाच्या कोपऱ्यावरच्या खाचा गार्डसाहेबांनी सुईने कोरल्या. त्या इतक्या बारीक आहेत की भिंग घेतल्याशिवाय दिसत नाहीत. पण ते प्रत्येक पाहुण्याच्या हातात आधी भिंग देतात, गाडी मग सोडतात.

काळ आम्ही १९११ चा घेतला. कोळशाच्या कालव्याचे तोंड आमच्या देखाव्यात कोरडे, गवताने भरलेले आहे. मोठ्या कालव्यावर होडी एकच. गार्डसाहेबांना आणखी दोन हव्या होत्या. आता कालव्यावर त्यांचाच जीव अधिक! पण त्या सुमारास तेथे वर्दळ उरली नव्हती, म्हणून एकच ठेवली. तिच्या सुकाणूवर एक बाई उभी आहे. हे आम्ही मुद्दाम केले. इंग्लंडच्या कालव्यांवर रेल्वेशी चढाओढ सुरू झाली तशी होडीवाल्यांची मिळकत घटली. काठावरचे घरभाडे परवडेना, हाताखाली गडी ठेवणे परवडेना. तेव्हा पुष्कळांनी बायकामुलांनाच होडीवर आणले. अरुंद होड्यांवर दहाएक फूट लांब आणि सात फुटांहूनही कमी रुंद अशा खोलीत आख्खी बिऱ्हाडे राहत. चूल, फळीचा पलंग, फडताळ, सारे त्यातच. आणि तेवढ्या जागेतही भिंतीवर गुलाब आणि किल्ले रंगवलेले. आज आपण ती रंगीत चित्रे पाहतो आणि कौतुक करतो. पण मुलांची शाळा बुडाली आणि रोगराई वाढली, म्हणून त्या बिऱ्हाडांसाठी १८७७ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, हेही त्या रंगांमागे आहे. आगगाडीने जग जवळ आले हे आम्ही शाळेत शिकवले. त्या गाडीखालून कोण बाजूला झाले हे शिकवल्याचे आठवत नाही.

म्हणून रेल्वे वाईट ठरते असे मात्र कोणी समजू नये. दोघींचे नाते एका बाजूचे नाही. आपल्याच देशात, बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली ती १८५३ मध्ये. पण त्याआधी, १८५१ मध्ये, रुरकीजवळ गंगेच्या कालव्याचा सोलाणी नदीवरचा जलसेतू बांधताना माती वाहण्यासाठी वाफेचे इंजिन आणले होते. तेथे रेल्वे कालव्याची मजूर होती. आणि इंग्लंडात जेव्हा दोघांवर एकच पाळी आली तेव्हा दोघांना वाचवावयास माणसेही तीच धावली. एल. टी. सी. रोल्ट या लेखकाने १९४४ मध्ये मरू घातलेल्या कालव्यांवर पुस्तक लिहिले, १९४६ मध्ये कालवे वाचवणारी संस्था काढण्यात भाग घेतला. आणि तोच १९५१ मध्ये वेल्समधली टॅलिलिन ही छोटी रेल्वे स्वयंसेवकांच्या बळावर चालवण्यात पुढे होता. आमच्या फळीवरची ती कोळशाची शाखा बंद पडली त्याच साली. त्या बंद शाखेवर मग एका चित्रपटाचे चित्रण झाले. गावकरी आपली गाडी वाचवतात अशी गोष्ट. १९५३ चा तो चित्रपट गार्डसाहेबांनी आमच्या घरी तीन वेळा पाहिला. चित्रपटातली गाडी वाचते. खरी मात्र वाचली नाही.

कालवा वाचला. गाळाने भरलेली, कोरडी पडलेली ती वाट सामान्य नागरिकांनी सुट्ट्यांच्या दिवशी फावडी घेऊन वर्षानुवर्षे उपसली, पैसे गोळा केले, दारे नव्याने बसवली, आणि १९९० मध्ये तो कालवा टोकापासून टोकापर्यंत पुन्हा उघडला. आता त्यावर कोळसा जात नाही. लोक हौसेने होड्या हाकतात, आणि आमच्या रावसाहेबांसारखे एकटे पडलेले म्हातारे त्याच्या काठाने चालतात.

मंडळी, एवढ्या खटाटोपातून आम्हाला काय मिळाले असे विचाराल, तर उत्तर लहानच आहे. एखादी जागा समजून घ्यावयाची असेल तर ती ज्या क्रमाने घडली त्या क्रमाने ती एकदा हाताने करून पाहावी. पुस्तकातले साल डोळ्यांखालून जाते आणि विसरते. पण रूळ आधी टाकले म्हणून कालवा वाकडा झाला, हे ज्याच्या हाताला एकदा कळले तो कोण आधी आणि कोण मागाहून हे विसरत नाही. आपल्या गावातही असे थर आहेत. बसस्थानक आहे तेथे पूर्वी काय होते, पाटाची मोरी रस्त्याखालून वाकडी का जाते, जुन्या पुलाला एकच बाजूला कठडा का, हे सांगणारी माणसे अजून या सभागृहात बसलेली आहेत. त्यांना विचारावे, आणि जमल्यास पुठ्ठ्याचे का होईना, करून पाहावे.

आमचा देखावा अजून अपुरा आहे. नदीकाठची झाडे व्हावयाची आहेत, आणि गाडी कमानीखाली अजून मधूनच अडते. गार्डसाहेब म्हणतात, सिग्नल नाही म्हणून थांबते. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी रविवारी सकाळी दहानंतर अवश्य यावे. ती शेजारची मुलगी बहुतेक असतेच. हल्ली ती आल्या आल्या कालव्यावर पाणसळ ठेवते, बुडबुडा मध्यावर आहे ना ते पाहते, आणि मगच गाडी सोडण्याची परवानगी देते.